छातीएवढे चौथरे

"जरा हात लावतास काय, गार्डांनू?"

भागीरथी कुबल माझ्यासमोर उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बांगडा माशांनी भरलेली टोपली, आणि टोपलीतलं खारं पाणी निथळून तिच्या कानामागून मानेवर चाललेलं. मी दोन दिवसांपूर्वीच बांधलेल्या माझ्या दगडी बाकावर ऐसपैस बसून भाकरी खात होतो.

"कशाला?" मी विचारलं.

"टोपली उतरूक. दुसऱ्या कशाक?"

"मग बसा की मावशी. एवढं झकास बाकडं केलंय."

ती बाकाकडे बघत राहिली. मान हलवता येत नव्हती, त्यामुळे नुसते डोळे खाली करून बघत होती.

"हयसर चौथरो होतो," ती म्हणाली.

"होता. पाडला मी. छातीएवढा उंच, त्याच्यावर कोण बसणार? आता बघा, गुडघ्याएवढा केला. समोर समुद्र, खाली कडा, माणूस बसला की उठायचा नाही."

"माका बसूक नको," ती म्हणाली, आणि तशीच पुढे चालायला लागली. मी हातातली भाकरीसुद्धा खाली ठेवली नाही. माझ्या मनात एवढंच आलं की कोकणातल्या माणसाला काही म्हणता काही चांगलं म्हणवत नाही.

मी माणदेशातला, नवनाथ गलांडे. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, तिथे समुद्र कुठून असणार. सव्विसाव्या वर्षी वनरक्षकाची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक करंजटोकच्या राखीव जंगलात. समुद्रात घुसलेलं एक लांबलचक नाक, त्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि तिन्ही बाजूंना सरळ खाली तुटलेला कडा. खाली लाटा आपटायच्या त्याचा आवाज वर पायांना कळायचा. कड्याच्या पोटात पाकोळ्यांची घरं होती आणि टोकाच्या उंच झाडावर काकणाचं घरटं. काकण म्हणजे समुद्रावरचा गरुड, पोटाला पांढराशुभ्र. पहिल्यांदा तो पायात वळवळता साप धरून माझ्या डोळ्यांसमोरून गेला तेव्हा मी मटकन खाली बसलो होतो. खोटं कशाला सांगू, पहिले पंधरा दिवस मी कड्याच्या जवळ रांगत जायचो.

त्या कड्याकडेने एक पायवाट होती. आडबंदर गावातून निघायची, राखीवाच्या मधून जायची आणि पलीकडे शिरवंड्याच्या बाजारात उतरायची. सगळी मिळून दोन कोस. त्या वर्षी खात्याने ठरवलं की ही वाट पर्यटकांसाठी खुली करायची. तिकीट, पाट्या, बाण, बसायला बाकडी. रेंजर साहेब म्हणाले, "गलांडे, दगड बाहेरून आणायचा नाही. जागेवर पडलेला वापर."

जागेवर दगड कुठे होता, तर वाटेच्या कडेला उभ्या चार चौथऱ्यांमध्ये. राखीवाच्या हद्दीत चार आणि गावाच्या वेशीवर एक, असे पाच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. वर एक सपाट मोठा चिरा. कसले म्हणून मी एकदा रेंजर साहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले असतील जुन्या हद्दीच्या खुणा. मी चारही उतरवले आणि चार बाकडी केली. वरच्या चिऱ्यांना मधोमध पसरट खळगा होता, त्यात पाणी साचून पर्यटकांच्या विजारी भिजतील म्हणून मी ते चिरे उलटे बसवले. इतकी अक्कल चालवली होती मी.

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. राखीवातून ओझं घेऊन जाणाऱ्यांना एक जानेवारीपासून बंदी घालावी काय, याबद्दल अभिप्राय पाठवा. जुनी वहिवाट असेल तर प्रत्यक्ष खुणा नमूद करा. मी पाहणी केली म्हणजे काय, चौकीच्या ओट्यावर बसून लिहिलं: "सदर वाटेवर जुन्या वापराच्या कोणत्याही खुणा आढळून येत नाहीत." खाली झोकात सही केली. मला खरंच वाटत होतं की बंदी यावी. माश्यांचं पाणी वाटेवर सांडायचं, वास मारायचा, आणि माझ्या नव्या पांढऱ्या बाणांवर रोज ओले डाग पडायचे.

सोमवारी भागीरथी मावशी चौकीत आली. रिकाम्या हाताने आलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. पंचावन्नच्या आसपासची, अंगाने काटकुळी, मान मात्र खांबासारखी ताठ. ती बसली नाही, दारातच उभी राहिली.

"वाट बंद करतलास म्हणे."

"मी कोण बंद करणारा? गुरुवारी इनामदार मॅडम येतायत विभागातून. त्या बघून ठरवतील. जुनी वाट आहे याचा पुरावा असेल तर द्या."

"रोज चलतंय, ह्यो पुरावो नाय?"

"कागद लागतो. नाहीतर खूण लागते."

"कागद आमच्याकडे खयचो?" ती म्हणाली. "गार्डांनू, एसटीवालो ओली टोपली घेणा नाय. घेतल्यान तरी गाडी खाडीक वळसो घालून अकराक पोचता. अकरा वाजता बांगडो कोण घेतलो? मग बंदरार दलाल बसलोच आसा, तो म्हणात त्या भावान द्यायचा. आमी तिघी आसव आता. आधी वीस होतव. वाट गेली काय आमीव गेलव."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटलं की मी त्या वयात वाकड्यात शिरायचो. म्हणालो, "मावशी, तुम्ही लोक थोडं जास्तच करता. एक टोपली ती केवढी. आमच्याकडं बायका दोन दोन घागरी घेऊन कोसभर येतात, वर गप्पा मारत."

ती पहिल्यांदाच हसली. "होय? मगे उद्या सकाळी ये. माझी टोपली तू घे."

पोचवतोस की नाही बघू, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि ती तुमीवरून तूवर आली होती, तेही मला लागलं.

मंगळवारी उजाडताच मी वेशीवर हजर. पाचवा चौथरा, जो मी पाडला नव्हता, त्यावर तिची टोपली ठेवलेली होती. तिने माझ्या डोक्यावर चुंबळ बसवली, मला चौथऱ्याला पाठ लावून उभं केलं, गुडघे किंचित वाकवायला सांगितले आणि टोपली सरकवून डोक्यावर आणली. "ऊठ," ती म्हणाली. मी उठलो. मान खांद्यांत गेली. पण चार पावलं टाकली आणि वाटलं, जमतंय की.

जमतंय असं साधारण अर्ध्या मैलापर्यंत वाटलं. पण त्या अर्ध्या मैलात मला ती वाट पहिल्यांदा दिसली. महिनाभर मी तिच्यावरून चाललो होतो, बाण रंगवले होते, पण ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. डोक्यावर भार असला की खाली बघता येत नाही, पाय आपोआप पडावे लागतात, आणि त्या वाटेवर ते पडत होते. कुठेही पायरी उंच नव्हती. वारा समोरून अंगावर येणार तिथे वाट नेमकी करवंदीच्या जाळीमागून काढलेली. मी एके ठिकाणी बाण सरळ काढला होता, वळसा वाचवायला. मी माझ्या बाणाप्रमाणे निघालो आणि कड्यावरच्या वाऱ्याने टोपलीला असा हिसका दिला की माझे पाय लटपटले.

"बाण सोड," मागून भागीरथी मावशी शांतपणे म्हणाली. "वाटेन चल."

मी वळसा घेतला. वारा पडला. कुणी आखली असेल ही वाट, कुठल्या इंजिनियराने? कुणी नाही. बायकांनी, डोक्यावर भार घेऊन, पायांनी शोधून शोधून. माझ्या मनात तेव्हाच त्यांच्याबद्दल आदर यायला लागला होता, पण मानेत कळ इतकी होती की तो नीट येऊ शकत नव्हता.

पहिल्या बाकापाशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. थोडं थांबावं म्हटलं.

"थांब की," मावशी म्हणाली. "बाकडा आसा. बस."

मी बाकापुढे उभा राहिलो. बसायचं म्हणजे भार डोक्यावर ठेवून खाली जायचं, आणि मग तो भार घेऊन वर यायचं. गुडघे वाकवून पाहिले, टोपली पुढे कलली, दोन बांगडे खाली पडले. मी सरळ झालो. टोपली दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवावी म्हटलं, तर गुडघ्याएवढ्या बाकावर ठेवायला कमरेत वाकावं लागणार, आणि वाकलो की सगळे मासे कड्याखाली. मी तसाच उभा राहिलो. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"झकास बाकडा आसा ना?" ती म्हणाली. कमरेवर हात ठेवून ती उभी होती आणि समुद्राकडे बघत होती.

मला तेव्हा कळलं. छातीएवढा चौथरा. पाठ वळवायची, गुडघे जरासे वाकवायचे, टोपली मागे सरकवायची. कुणाची मदत नको, एक थेंब सांडायला नको. थांबायचं, पाणी प्यायचं, मान मोकळी करायची, आणि पुन्हा पाठ लावून भार घ्यायचा. बरोबर जिथे माणसाचा दम संपतो तिथे एकेक चौथरा उभा केलेला. मी चारही पाडले होते, आणि त्यानंतर आठ दिवस ह्या बाया न थांबता दोन कोस चालत होत्या. आणि एकीने मला हात लावायला सांगितलं तेव्हा मी भाकरी खात होतो.

"मावशी, उतरव गं," मी म्हणालो. माझा आवाज रडल्यासारखा आला, आणि रडू आलंही होतं.

तिने टोपली उतरवली. पडलेले दोन बांगडे झाडून परत आत ठेवले. मग स्वतः चुंबळ डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आता हात लाव." मी टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती निघाली, आणि मी तिच्या मागून शिरवंड्यापर्यंत गेलो. वाटेत तीनदा टोपली उतरवली, तीनदा चढवली. ती मागे न बघता चालत राहिली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी मी काय करायला हवं होतं हे सांगायला नको. चौथरे परत बांधायला हवे होते. पण मी बाकापर्यंत गेलो आणि परत आलो. बांधले तर मॅडम विचारणार, हे कधी झालं? माझ्या सहीचा कागद त्यांच्या हातात, त्यात लिहिलेलं खुणा नाहीत. खुणा मीच मोडल्या आणि मीच नाहीत असं लिहिलं, एवढं कबूल करायला लागणार. नोकरीला वर्ष झालं नव्हतं, कायमपणाचा कागद अजून यायचा होता. घरी आई आणि दोन बहिणी माझ्याकडे डोळे लावून. मी स्वतःला म्हणालो, बघू उद्या, मॅडम कदाचित दयाळू असतील. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या दयेवर फार भरवसा असतो.

गुरुवारी मॅडम आल्या. बरोबर रेंजर साहेब, मी, आणि वाटेवर टोपल्या घेऊन त्या तिघी. मॅडम पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, कमी बोलणाऱ्या. टोकावर काकण घिरट्या घालत होता, त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं. वाटेचंही कौतुक केलं. पहिल्या बाकापाशी त्या थांबल्या आणि फाइल उघडली.

"गार्डने लिहिलंय, जुन्या वापराच्या खुणा नाहीत. तुमचं म्हणणं काय?" त्यांनी भागीरथी मावशीला विचारलं.

"हयसर चौथरे होते, बाई. चार. टोपली उतरूक."

"मग कुठे गेले?"

मी खाली बघितलं. आता संपलं, असं वाटलं. ती बोट दाखवणार, आणि तिने दाखवावंच, तिची भाकरी आहे.

"पडले," भागीरथी मावशी म्हणाली. "ह्या वर्सा पाऊस मोठो झालो. पावसान पडले."

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. डोक्यावर टोपली होती, मान ताठ होती.

मॅडमनी पेन काढलं. "म्हणजे राखीवाच्या हद्दीत आज दाखवण्यासारखं काहीच नाही."

"नाय," ती म्हणाली. तिच्या बरोबरच्या दोघींपैकी एकीचा श्वास जोरात बाहेर आला, पण तीही बोलली नाही.

मॅडम लिहायला लागल्या. त्यांनी तारीख लिहिली, गावाचं नाव लिहिलं. तेवढा वेळ मी उभा राहिलो. तो वेळ मला आजही मोजून सांगता येईल. मग मी पुढे झालो, बाकाच्या चिऱ्याखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. एकट्याने हलेना. "धरा हो साहेब," मी चक्क रेंजर साहेबांना म्हणालो, आणि ते बिचारे गोंधळून धरायला आले. चिरा उलटा झाला.

मधोमध तो खळगा. गोल, टोपलीच्या बुडाएवढा, कडेला जांभा काळा पडलेला, आत मिठाचा पांढरट थर. हाताने केलेला नव्हता, टाकीचा एक घाव नव्हता. ओल्या टोपल्या ठेवून ठेवून, सरकवून सरकवून झिजलेला होता.

"चारही बाकडी उलटी करा मॅडम," मी म्हणालो. "चारही चिऱ्यांना असाच आहे. चौथरे मी पाडले. खुणा नाहीत असं मीच लिहिलं. ते खोटं आहे."

खाली लाट आपटली. मॅडम वाकल्या, खळग्यातून हात फिरवला, आणि बोटांना लागलेलं मीठ बघितलं.

"दगड एवढा झिजायला किती वर्षं लागली असतील?"

"माझी तीस," भागीरथी मावशी म्हणाली. "सासयेची चाळीस. तिच्या सासयेची कोण मोजता?"

मॅडम सरळ झाल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही तर म्हणालात पावसाने पडले."

"पावसानच," भागीरथी मावशी म्हणाली. "ह्या वर्सा पाऊस घाटावरसून इलो."

मॅडमना हसू आवरेना. रेंजर साहेब मात्र हसले नाहीत, त्यांनी मला नंतर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला मेमो मिळाला, कायमपण वर्षभर लांबलं. ते व्हायलाच हवं होतं. मॅडमनी फाइलमध्ये नवीन ओळ लिहिली, वहिवाट जुनी, ओझ्यास मुभा, आणि खाली आणखी एक: चौथरे ज्याने पाडले त्याने स्वतः बांधावेत.

मी बांधले. आठ दिवस लागले. उंची कुठल्या मापाने घेतली, तर भागीरथी मावशी टोपली घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, अजून एक चिरो, किंवा म्हणायची, जास्त झालो, काढ. चिरे सरळ बसवले, खळगा वर. शेवटच्या चौथऱ्यापाशी मी तिला विचारलं, "मावशी, वाट जात होती हातातून. खोटं का बोललीस?"

"वाटेचा आमी कायतरी केला असता," ती म्हणाली. "तुझी आवस खय जातली होती?"

माझ्या आईबद्दल मी तिला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी खाली वाकून दगड सारखा करत बसलो, तोंड वर करण्यासारखं नव्हतं.

करंजटोकला मी सहा वर्षं होतो. पर्यटक यायचे, म्हणायचे ही काय बाकडी, केवढी उंच, बसायचं कसं. मी सांगायचो, तुमच्यासाठी नाहीत. मग पाठीवरच्या पिशव्या त्यावर टेकवून ते समुद्र बघत उभे राहायचे, आणि हळूहळू त्यांनाही पटायचं.

बदली झाली त्या सकाळी मी माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन शिरवंड्याकडे निघालो. जीप मिळत होती, घेतली नाही. वळसा घेऊन, करवंदीच्या आडून, तिसऱ्या चौथऱ्यापाशी आलो तेव्हा समोरून भागीरथी मावशी येत होती, बाजार करून, रिकामी टोपली काखेत. मला बघून थांबली.

"हात लावू काय, गार्डांनू?"

"नको," मी म्हणालो. "चौथरा हाय की."

मी पाठ वळवली, गुडघे किंचित वाकवले, आणि ट्रंक मागे सरकवली. ती बरोबर बसली. भागीरथी मावशी शेजारी येऊन उभी राहिली, आणि आम्ही दोघं काकणाच्या घरट्याकडे बघत राहिलो.